उपासनेतील दहावा मनुष्य

पनवेल हे गाव बहुतेक मुंबईकरांना परिचित असते ते वाटेवरचे गाव म्हणून. घाट चढावयाचा असो की कोकणात उतरावयाचे असो, पनवेल ओलांडावे लागते. आणि जे ओलांडावयाचे असते तेथे थांबून पाहण्याची सवय मनुष्याला क्वचितच असते. एके काळी खाडीच्या काठी वसलेले हे व्यापारी बंदर होते. पुढे रस्ते आले, आगगाडी आली, शेजारी नवी मुंबई उभी राहिली, आणि २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका येथे स्थापन झाली. ह्या वाढत्या गर्दीच्या गावात १८४९ साली उभारलेले एक प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव ‘बेथ एल’. हिब्रू भाषेतील ह्या दोन शब्दांचा अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो. ते बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे सिनेगॉग होय.

ह्या देवाच्या घराचा एक नियम असा आहे की, तो प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतो. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे एकटा मनुष्य घरी, शेतात, प्रवासात, कोठेही प्रार्थना करू शकतो. तिला कोणाची आडकाठी नाही. परंतु पूर्ण सामुदायिक उपासना व्हावयाची असेल तर किमान दहा प्रौढ पुरुष हजर असले पाहिजेत. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा ह्या कामी प्रौढ गणला जातो. ह्या दहांच्या संख्येस ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जण असले, आणि ते नऊही मोठे विद्वान व पुण्यशील असले, तरी धर्मग्रंथाची गुंडाळी काढून तिचे विधिपूर्वक जाहीर वाचन करता येत नाही. उपासनेतील काही मंत्र म्हणता येत नाहीत. मग दाराशी डोकावणारा दहावा मनुष्य अगदी साधा, अल्पशिक्षित दुकानदार का असेना, तो आत येऊन बसला की उपासना पूर्ण होते.

दहा हाच आकडा का, ह्याची जी उपपत्ती यहुदी शास्त्रकारांनी दिली आहे ती मोठी मार्मिक आहे. मोशेने कनान देश हेरण्यासाठी बारा हेर पाठविले. त्यांपैकी यहोशवा व कालेब हे दोघे धीराचे निघाले; उरलेले दहा घाबरले, त्यांनी त्या देशाविषयी वाईट वार्ता आणली आणि लोकांचा धीर खचविला. बायबलातील ‘गणना’ नामक पुस्तकात देव ह्या कुरकुरणाऱ्यांचा उल्लेख ‘मंडळी’ ह्या अर्थाच्या शब्दाने करतो, आणि त्यावरून शास्त्रकारांनी ठरविले की मंडळी म्हटली म्हणजे दहा. मंडळीची व्याख्या अशा रीतीने दहा संतांवरून झालेली नसून दहा भेकड व असंतुष्ट माणसांवरून झाली आहे! देवापुढे एकत्र उभे राहण्यासाठी आधी परिपूर्ण असावे लागते, ही कल्पना ह्या एका उपपत्तीने निकालात निघते. तेथे लागते ती फक्त उपस्थिती.

ह्या उपस्थितीची खरी किंमत दुःखाच्या प्रसंगी कळून येते. आई किंवा वडील निवर्तले म्हणजे यहुदी मुलाने अकरा महिने ‘कद्दीश’ म्हणावयाची असते. अरामी भाषेतील ह्या प्रार्थनेत मृत्यूचा एकही शब्द नाही. आहे ती केवळ ईश्वराच्या नामाची स्तुती. ज्याचे मन शोकाने भरलेले आहे त्याने सर्वांदेखत उभे राहून ही स्तुती करावयाची आणि इतरांनी ‘आमेन’ म्हणून तिला साथ द्यावयाची. परंतु कद्दीशलाही मिन्यान लागते. समजा, पनवेलसारख्या गावात एखाद्या मुलाचा बाप वारला. सायंकाळी तो सिनेगॉगमध्ये येतो. आठ माणसे जमलेली आहेत. त्याच्यासह नऊ झाली. दहावा गृहस्थ पावसाचे निमित्त करून घरी राहिला आहे. त्याची स्वतःची प्रार्थना घरीही होईल, तिच्यात कदाचित काही न्यून राहणारही नाही. परंतु त्याच्या न येण्याने एका मुलाला आपल्या बापासाठी चार शब्द उच्चारता येणार नाहीत. त्या दहाव्याला मयताचे नावही ठाऊक नसेल. तथापि त्या सायंकाळी त्याची रिकामी जागा दुसऱ्या कोणालाही भरून काढता येत नाही.

देवळात, चर्चमध्ये वा सिनेगॉगमध्ये नियमाने का जावे, ह्या प्रश्नाचा विचार बहुधा जाणाऱ्याच्या लाभाच्या दृष्टीने केला जातो. तेथे जाऊन मनाला शांती मिळते काय, उपदेशातून काही शिकावयास मिळते काय, हे प्रश्न सर्वस्वी गैर नाहीत. परंतु मिन्यानचा नियम ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे मांडतो: आपण गेलो नाही तर तेथे आलेल्या इतरांचे काय होते?

बेने इस्राएलांचा कोकणातील इतिहास पाहिला तर नियमितपणाची शक्ती किती मोठी असते हे ध्यानात येते. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. कोकणातील गावागावांतून ते पसरले, मराठी बोलू लागले, त्या त्या गावांवरून पेणकर, किहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी आडनावे त्यांनी घेतली, आणि तेलाचे घाणे चालवून उपजीविका करू लागले. हिब्रू भाषा ते विसरले. ‘शमा’ म्हणजे देवाच्या एकत्वाची घोषणा करणारे वचन तेवढे त्यांच्या मुखी राहिले. सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि आठवड्याचा एक दिवस, एवढीच त्यांची शिदोरी होती. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत. शंकराच्या नंदीचा मान राखून सोमवारी बैलांना विसावा देणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’, तर हे ‘शनवार तेली’, अशी ओळख लोकांनीच त्यांना दिली.

डेव्हिड राहबी नावाच्या यहुदी गृहस्थाने ह्या लोकांना ओळखले, असे परंपरा सांगते. त्याचा काळ कोणता ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहे. परंतु त्याने त्यांना ओळखले ते शनिवारच्या विश्रांतीवरून, शमाच्या उच्चारावरून आणि खवले व पर नसलेला मासा न खाण्याच्या रिवाजावरून, ह्यावर परंपरेचे एकमत आहे. भाषा गेली, ग्रंथ गेले, उपदेशक नव्हते, मंदिर नव्हते. दर सात दिवसांनी पाळला जाणारा एक नियम मात्र उरला आणि त्यावरून एक संपूर्ण समाज पुन्हा आपल्या धर्मबंधूंना गवसला. ज्या शनिवारी कोणा तेल्याच्या पूर्वजाला श्रद्धेचा उमाळा आला नसेल, केवळ वडील बसवीत होते म्हणून ज्याने घाणा बंद ठेवला असेल, त्याचाही ह्या टिकण्यात वाटा आहे. भावना येते आणि जाते. नियम ती जाण्याच्या काळात जागा राखून ठेवतो.

पुढे ह्या समाजाला मंदिरे लाभली. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले होते. सुटका झाल्यास देवाचे मंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे सांगतात. १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शार हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मराठीत ‘मशीद’ असेच म्हणत, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव ह्याच जुन्या मशिदीवरून पडले, असे मानले जाते. त्यानंतर १८४२ मध्ये रेवदंड्यास, १८४८ मध्ये अलिबागेस, १८४९ मध्ये पनवेलीस आणि १८६३ मध्ये पेणेस सिनेगॉगे झाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. ज्या उपासनेचे शब्द पूर्वी कानावरूनच जात, ती आता आईच्या भाषेत समजू लागली.

येथे श्रोत्यांच्या मनात एक आक्षेप उभा राहिल्यावाचून राहणार नाही. देव सर्वत्र आहे, मग त्याला भेटावयास ठराविक वारी, ठराविक इमारतीत कशासाठी जावे? हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. किंबहुना ‘बेथ एल’ ह्या नावाच्या मुळाशीच तो आहे. ‘उत्पत्ती’ च्या पुस्तकात याकोब घरातून पळून निघाला असता उघड्या रानात दगडाची उशी करून निजतो. पृथ्वीवरून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी त्याला स्वप्नात दिसते. जागा झाल्यावर तो त्या जागेला ‘बेथ एल’, देवाचे घर, असे नाव देतो. तेव्हा तेथे इमारत नव्हती, पुरोहित नव्हता, आणि दहा माणसे तर नव्हतीच. देव एकांतात भेटतो हे त्याच्या अनुयायांनी नाकारलेले नाही. पण याकोबाला एकदा लाभलेले दर्शन त्याच्या पुढच्या पिढ्यांना रोज लाभत नाही. त्यांना त्या दर्शनाची आठवण तेवढी असते, आणि आठवण ही एकट्याने फार दिवस सांभाळण्याची वस्तू नव्हे.

ख्रिस्ती धर्माने हा वारसा यहुदी सिनेगॉगातूनच घेतला. लूकच्या शुभवर्तमानात असे वर्णन आहे की, येशू नासरेथास आला आणि आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. ‘परिपाठाप्रमाणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याने दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्यास शिकविले, जो एकटाच डोंगरावर जात असे, त्यानेही गावच्या सभास्थानातली आपली जागा सोडली नाही. तेथील उपदेश प्रत्येक वेळी त्याला नवे काही शिकविणारा होता म्हणून तो जात होता असे कोणीही ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाही. तो आपल्या गावकऱ्यांबरोबर बसत होता.

ख्रिस्ती मंडळीने दहांची अट ठेवली नाही. दोघे अगर तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमले तरी पुरे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आश्वासन आहे. ह्यामुळे एखाद्याला असे वाटेल की एकटा ख्रिस्ती मनुष्य गैरहजर राहिला तर काही बिघडत नाही. परंतु हे आश्वासनसुद्धा दोघांपासून सुरू होते, एकापासून नाही. आणि पहिल्याच शतकात, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, एकत्र मिळणे सोडून देण्याची काहींना लागलेली सवय पाहून लेखकाला ताकीद द्यावी लागली आहे. रविवारची गैरहजेरी हा आधुनिक काळाचा रोग आहे, ही समजूत म्हणूनच खरी नाही. ती मंडळीच्या वयाइतकीच जुनी आहे.

त्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुटी नव्हती. रोमन साम्राज्यात सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरविला तो इ.स. ३२१ मध्ये. त्यापूर्वीची जवळजवळ तीनशे वर्षे रविवार हा कामाचा दिवस होता, आणि मंडळीत कितीतरी गुलाम व मजूर होते. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी ह्याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की, हे लोक एका ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन ह्या लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन करून ठेविले आहे त्यात वाचन आहे, उपदेश आहे, प्रार्थना आहे, भाकर व द्राक्षारस आहे. अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी ह्यांच्यासाठी गोळा केलेला निधी आहे. आणि त्यात आणखी एक लहानशी गोष्ट आहे: जे हजर नव्हते त्यांच्याकडे प्रभुभोजनातील वाटा सेवकांच्या हाती पोचविला जाई. जो आला नाही त्याची आठवण ठेवणे हा उपासनेचाच भाग होता. परंतु कोण आला नाही हे कळण्यासाठी तो एरवी नेहमी येणारा असावा लागतो. जो वर्षातून एकदा नाताळात येतो त्याची जागा रिकामी आहे हे कोणाच्या ध्यानात यावे?

तालमूदमध्येही ह्याच अर्थाचे एक वचन आहे. जो नित्य येणारा आहे तो एके दिवशी आला नाही तर देव स्वतः त्याची चौकशी करतो, असे तेथे म्हटले आहे. देवाविषयी असे बोलणे हा काव्याचा भाग मानला तरी मनुष्यांविषयी ते शब्दशः खरे आहे. नियमित मंडळीत एखादी वृद्ध विधवा दोन रविवार दिसली नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या दाराची कडी वाजविते. शहरात, जेथे एकाच जिन्यावरील बिऱ्हाडे एकमेकांस ओळखत नाहीत, तेथे ही कडी वाजणे लहान गोष्ट नाही.

उपस्थितीचे हे मोल सक्तीने मात्र वाढत नाही. इंग्लंडात १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्यास बारा पेन्स दंड ठेविला होता. दंडाच्या भयाने बाके भरता येतात. मंडळी होत नाही. जो शिपायाच्या धाकाने येऊन बसतो त्याच्याकडून शेजाऱ्याच्या दुःखाची विचारपूस होण्याचा संभव थोडाच.

महाराष्ट्राने मंडळीचा एक वेगळा अर्थ पाहिला आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत महार समाजातील माणसे होती, आणि १८३९ मध्ये हरिपंत ख्रिस्ती ह्यांच्यासारखे ब्राह्मण तिच्यात आले. ज्या काळी एकाची सावली दुसऱ्यास चालत नव्हती त्या काळी ही माणसे दर रविवारी एका छपराखाली बसून एका भाकरीचा तुकडा घेऊ लागली. हे एका दिवसात घडले नाही. जातीचा संकोच एखाद्या जाहीर व्याख्यानाने नाहीसा होत नसतो. तो झिजतो तो वारंवार शेजारी बसण्याने. पहिल्या रविवारी अंग चोरून बसणारा मनुष्य शंभराव्या रविवारी सरकून दुसऱ्याला जागा करून देतो. ह्यातील नव्याण्णव रविवार वगळून शंभरावा गाठता येत नाही.

ह्याच शहरी वावरलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी सामुदायिक उपासनेला मराठी वळण दिले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. परदेशी चालीवरील भाषांतरित गीते मराठी मंडळीच्या गळ्यात सहज बसत नव्हती. टिळकांनी अभंग, ओवी, पदे ह्या घरच्या घाटात भक्तिगीते रचिली, आणि ‘उपासना-संगीत’ ह्या ग्रंथातून ती मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या मुखी झाली. अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्याचे दार मोकळे होते. संस्थेच्या चौकटीबाहेर पडलेल्या ह्या स्वतंत्र बुद्धीच्या पुरुषालाही एकट्याने भक्ती करणे पुरेसे वाटले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांनी एक मंडळ सोडले ते दुसरे अधिक मोकळे मंडळ उभारण्यासाठी.

मराठी मनुष्याला हे तत्त्व नवे वाटू नये. ‘वारी’ ह्या शब्दातच पुन्हा पुन्हा जाण्याचा अर्थ आहे. एकदा पंढरपूर पाहून आला तो यात्रेकरू. जो चुकवीत नाही तो वारकरी. विठ्ठल घरच्या देव्हाऱ्यातही आहे हे वारकऱ्यास ठाऊक असते. तरी तो दिंडीत चालतो, कारण दिंडी ही एकट्याने चालण्याची गोष्ट नाही.

आता दुसरा आक्षेप. नियमाने जाणारे सारेच सज्जन असतात काय? नसतात. ख्रिस्ती मंडळ्यांतूनही जातिभेद ठिकठिकाणी शिरला व टिकला. बेने इस्राएलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि तो प्रार्थनामंदिराच्या दाराशी थांबत नव्हता. यहुदी परंपरेत मिन्यानमध्ये केवळ पुरुषच मोजले जात. उदारमतवादी पंथांनी पुढे स्त्रियांनाही त्यात घेतले. मुंबईत १९२५ मध्ये बेने इस्राएलांतील उदारमतवादी उपासकमंडळ स्थापन झाले त्यात पुढाकार डॉ. जेरुशा झिराड ह्या विदुषी डॉक्टरबाईंचा होता. तेव्हा एकत्र जमण्याने दोष आपोआप नाहीसे होतात असे नव्हे. परंतु हे दोष दिसतात ते लोक एकत्र जमतात म्हणूनच, आणि सुधारतात तेही जमणाऱ्यांच्याच हातून. रुसून घरी बसलेला मनुष्य मंडळीचे दोष अचूक सांगू शकतो. त्यांतील एकही दोष तो कमी करू शकत नाही.

आधुनिक शास्त्रानेही ह्या विषयाकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घकालीन आरोग्य-पाहणीतील ७४ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेस जाणाऱ्या स्त्रियांत, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेने, सोळा वर्षांच्या काळातील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळले. बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती होत्या. प्रकृती मुळातच चांगली असणारेच घराबाहेर पडू शकतात ही शंका संशोधकांनी ध्यानात घेतली होती. तरीही अशा पाहणीने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होतो असे म्हणता येत नाही. परस्परांचा आधार, व्यसनांपासून दूर राहणे, नैराश्य कमी असणे आणि जीवनाविषयी आशावाद ही त्याची काही कारणे दिसून आली. परंतु औषध म्हणून चर्चला जावे असा ह्याचा अर्थ घेणे हास्यास्पद होईल. आधार मिळतो तो आधार देणारे तेथे असतात म्हणून. सर्वच जण केवळ आधार घेण्यासाठी आले तर तो द्यावयाचा कोणी?

घरबसल्या उपासना ऐकण्याची सोय आज आहे, आणि तिला शंभर वर्षे होऊन गेली आहेत. लंडनच्या सेंट मार्टिन चर्चमधील उपासना बीबीसीने ध्वनिक्षेपित केली ती ६ जानेवारी १९२४ रोजी. आजारी, वृद्ध आणि दूर एकाकी राहणारे ह्यांना तिचा केवढा दिलासा! २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे महाराष्ट्रातील सर्व धर्मस्थळे बंद झाली तेव्हा फोनच्या पडद्यावरून उपासना चालल्या. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्या दिवशी, धर्मस्थळे उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. त्या काळात घरी राहणे हेच शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य होते. तथापि सनातनी मताच्या बहुतेक यहुदी धर्मगुरूंनी पडद्यावरील दहा चेहऱ्यांना मिन्यान मानले नाही. ह्या निर्णयाने अनेकांना दुःख झाले असेल. पण त्यामागील विचार स्पष्ट होता. आवाज दूरवर पाठविता येतो, उपस्थिती पाठविता येत नाही.

आता पुन्हा पनवेलकडे वळावयाचे. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल हळूहळू तिकडे जाऊ लागले. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली. बऱ्याच झगड्यानंतर १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे मान्य झाले. १९५१ च्या शिरगणतीत भारतातील यहुद्यांची संख्या सुमारे २६ हजार होती. २०११ मध्ये ती साडेचार हजारांहून थोडी अधिक राहिली. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ह्या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कोकणातील ज्या मंदिरांत एके काळी बसावयास जागा पुरत नव्हती, त्यांतील अनेकांत दहा माणसे जमविणे कठीण झाले. पनवेलच्या मंदिरावर २००५ च्या जुलैत महापुराचेही संकट आले. पाणी आत शिरले आणि धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांची हानी झाली. इमारत धुवून पुसून पुन्हा उभी करता येते, ग्रंथाची नवी प्रत लिहून घेता येते. माणसांची उणीव मात्र माणसांनीच भरावी लागते.

पनवेलच्या बेने इस्राएलांना जी गोष्ट संख्येच्या नियमाने कळते, ती मोठ्या शहरातील ख्रिस्ती मनुष्यास सहसा कळत नाही. त्याच्या चर्चमध्ये दोनशे माणसे बसतात. आपण एक नसलो तर काय उणे, असे त्याला वाटते. परंतु त्या दोनशेंतील प्रत्येकाने हाच हिशेब केला तर एका रविवारी पाळक व्यासपीठावर उभा राहील आणि समोर रिकामी बाके असतील. मंडळी लहान असली म्हणजे प्रत्येकाची गरज उघड दिसते, मोठी असली म्हणजे ती झाकलेली राहते, एवढाच फरक. गरज दोन्हीकडे सारखीच असते.

म्हणून ज्या सकाळी मन कोरडे असते, उपदेशाची गोडी नसते आणि अंथरूण सोडवत नाही, त्याच सकाळी उपासनेस जाण्याला सर्वांत अधिक अर्थ असतो. त्या दिवशी जाणाऱ्याला कदाचित काहीच मिळणार नाही. परंतु मागच्या बाकावर कोणी शोकाकुल मनुष्य बसलेला असेल, आणि त्याच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणाऱ्या आवाजांत आणखी एका आवाजाची भर पडेल.